मदत हवी आहे: घरी सलाईनमधून इंजेक्शन चालू आहे, हात सुजलाय, नर्सबाईंचा फोन लागत नाही

जांबोटीची_सून (रविवार, सकाळी ८:४०)
मामंजींना घरी इंजेक्शन चालू आहे, सलाईनमधून. पायाचं ऑपरेशन झालंय, सोडताना दवाखान्यात सांगितलं राहिलेला कोर्स घरीच पूर्ण करा. आज सकाळी निम्मी बाटली गेली आणि थेंब थांबले. हात सुजलाय. नर्सबाईंचा फोन लागत नाही, त्यात पाऊस. शेजारचे काका म्हणतात सिरिंजमध्ये सलाईन घेऊन जोरात ढकललं की सुई मोकळी होते. ढकलू का? दुपारी २ ला पुढचा डोस आहे. लवकर सांगा. आणि कृपया "डॉक्टरांना विचारा" एवढंच लिहू नका, ते सोमवारीच भेटतात.

निपाणीचा_औषधवाला (८:४९)
अजिबात ढकलू नका. आधी नळीवरचं चाक फिरवून बाटली बंद करा.
इंजेक्शन कुठलं? सुई मनगटावरची साधी आहे, का दंडातून आत सोडलेली लांब नळी? घालून किती दिवस झाले? ताप आहे का?

बाळू_कुडची (८:५५)
आमच्या आईला असंच झालं होतं. मिठाच्या गरम पाण्याचा शेक द्या, सूज उतरते. सुई काढू नका, परत टोचायचे वेगळे पैसे घेतात.

जांबोटीची_सून (९:०२)
पांढऱ्या पावडरचं इंजेक्शन आहे. सुई मनगटावर, दवाखान्यातून सोडताना घातलेली तीच. ताप नाही, म्हणजे मोजलेला नाही. खरं ढकलायचं का नाही ते सांगा की!

रिटायर्ड_सिस्टर_शहापूर (९:०६)
नाही गं बाई, ढकलायचं नाही. पुढे गुठळी असली तर ती शिरेत जाईल, आणि सुई शिरेतून निसटली असली तर औषध मांसात उतरेल. सुईपासून कोपराकडे बोट फिरवून बघ. कडक लागतंय का? लाल पट्टा दिसतो का? टेप ओली आहे का?

बाळूभाऊ, शेक सुई काढल्यावर. आत ठेवून शेकत बसलात तर पैसे वाचतील, हात नाही.

जांबोटीची_सून (९:१५)
टेप ओली आहे. शीर सुतळीसारखी कडक लागतेय, कोपराच्या अलीकडेपर्यंत. लाल आहे. हात लावला की मामंजी ओरडतात. थर्मामीटर शेजारून आणला, ९९.२.

रिटायर्ड_सिस्टर_शहापूर (९:२१)
मग ती सुई संपली. शीर सुजलीय, सुई काढायची. साबणाने हात धू. टेप हळूहळू, कडेकडेने सोडव, केस ओढू नकोस. कापसाचा बोळा वर धरून प्लास्टिकची नळी सरळ बाहेर ओढ, वाकडी नको. मग दाबून धर. रक्त पातळ व्हायची गोळी चालू असेल तर जास्त वेळ दाब. नळीचं टोक अख्खं आलंय ना बघ. हात उशीवर उंच ठेव. नवीन सुई दुसऱ्या हाताला, आणि ती घरात कुणी टोचायची नाही. थंडी वाजून ताप आला, सुईच्या जागी पू दिसला किंवा मामंजी गुंगीत वाटले तर सोमवारची वाट बघू नकोस, १०८ ला फोन कर.

निपाणीचा_औषधवाला (९:२४)
वहिनी, औषधाचं नाव अजून आलं नाही. बाटलीवर बघून लिहा.

जांबोटीची_सून (९:४०)
काढली सुई. टोक अख्खं आहे.
मेरोपेनेम १ ग्रॅम. सकाळी ६, दुपारी २, रात्री १०. मामंजींना शुगर आहे, पायाच्या अंगठ्याचं हाड खराब झालं म्हणून अंगठा काढला. नर्सबाई सकाळी येऊन तिन्ही बाटल्या मिसळून ठेवतात, दुपारची आणि रात्रीची मी फ्रिजमधून काढून लावते. आजचं काल रात्रीच मिसळून गेल्यात. लाईट कालपासून नाही.

निपाणीचा_औषधवाला (९:४६)
हे आधी सांगायला हवं होतं. त्या मिसळलेल्या बाटल्या वापरू नका, सकाळची अर्धी राहिलेली पण नाही.

मेरोपेनेम, म्हणजे जंतू मारायचं हे औषध, पाण्यात पडलं की टिकत नाही. सलाईनमध्ये मिसळल्यावर बाहेर तासाभरात वापरायचं, ५ डिग्रीच्या आत ठेवलं तर फार तर १५ तास, कंपनीच्या कागदावर असंच असतं. तुमचा फ्रिज कालपासून कपाट झालाय. सकाळी ६ च्या आधी मिसळून रात्री १० ला लावणं तर लाईट असली तरी १५ तासांच्या बाहेरच जातं. प्रत्येक वेळी ताजं मिसळायला नर्सबाईंकडून शिकून घ्या. कोरडी पावडर फ्रिजबाहेर राहिली तरी चालते, तिची काळजी नको. मिसळायला साधं नॉर्मल सलाईन, ग्लुकोजचं नको, त्यात आणखी लवकर बिघडतं.

आणि मामंजींना फिटची गोळी चालू आहे का? व्हॅल्प्रोएट असेल तर मेरोपेनेममुळे तिचं रक्तातलं प्रमाण एकदम पडतं.

जांबोटीची_सून (९:५३)
फिट नाही. शुगर आणि बीपीच्या गोळ्या, आणि रक्त पातळ व्हायची एक.

सीमाभाग_८६५ (१०:०१)
महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू केलीय. तुमचं गाव यादीत असेल तर कोल्हापूरला न्या. इकडे आपल्याला कोण विचारतंय?

टिळकवाडीकर (१०:०८)
हाताला सूज आहे आणि तुम्ही कोल्हापूरला पाठवताय? कर्नाटकचं आयुष्मान कार्ड असेल तर इथंही चालतं. प्रत्येक धाग्यात ८६५ कशाला?

सीमाभाग_८६५ (१०:१०)
तुम्ही शहरातले, तुम्हाला काय कळणार.

ऑर्थोवाला (१०:३०)
भांडण नंतर करा. वहिनी, खानापूरच्या सरकारी दवाखान्यात जा, कॅज्युअल्टीला रविवार नसतो. डिस्चार्ज कार्ड आणि न उघडलेली पावडर सोबत न्या, म्हणजे २ चा डोस तिथेच जाईल. उशीर झाला तर पुढच्या वेळा त्यांनाच ठरवू द्या, दोन डोस एकदम नको.

हाडातल्या संसर्गाचा कोर्स कधीकधी सहा आठवडेसुद्धा चालतो. एवढ्या काळासाठी मनगटावरची सुई म्हणजे हात बदलत बसणं. सोमवारी विचारा, दंडातून घालायची लांब नळी, म्हणजे पिक लाईन, करता येईल का. माझं स्वतःचं मत, गोळ्यांवर जाता येईल का तेही विचारा. ब्रिटनमध्ये ओव्हिवा नावाचा अभ्यास झाला, २०१९ मध्ये छापून आला, हाडा-सांध्यांच्या संसर्गाचे हजारावर पेशंट. पहिल्या आठवड्यानंतर तोंडाने औषध घेणारे शिरेतून घेणाऱ्यांपेक्षा मागे पडले नाहीत.

निपाणीचा_औषधवाला (१०:३८)
डॉक्टरसाहेब, मेरोपेनेम दिलंय म्हणजे कल्चरमध्ये, म्हणजे जखमेतला जंतू वाढवून बघायच्या तपासणीत, साध्या औषधांना न जुमानणारा जंतू निघाला असणार. त्याला चालणारी गोळी मिळेलच असं नाही. मी म्हणतो एर्टापेनेम विचारा, याच जातीचं इंजेक्शन, दिवसातून एकदाच, रात्री १० ची कटकट संपली.

ऑर्थोवाला (१०:४४)
स्यूडोमोनास नावाचा जंतू निघाला असेल तर एर्टापेनेम कामाचं नाही. कल्चर बघितल्याशिवाय तुमचंही खरं नाही आणि माझंही. वहिनी, कल्चर रिपोर्टचा फोटो टाका, नाव झाकून. क्रिॲटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी, शेवटची कधी केली? शुगरवाल्यांचा हा डोस किडनी बघून ठरतो.

बाळू_कुडची (११:०५)
हळद आणि तूप लावा सूजेवर. सुई काढलीय ना आता?

रिटायर्ड_सिस्टर_शहापूर (११:०९)
टोचलेल्या भोकावर हळद नको. कोरडा स्वच्छ कापूस. शेक द्यायचाच तर कोमट फडक्याचा, शुगर आहे, त्यांना चटका कळायचा नाही.

जांबोटीची_सून (संध्याकाळी ६:२०)
भाऊजींनी मित्राची ओम्नी मिळवली. खानापूरला डाव्या हाताला कोपराच्या खाली नवीन सुई घातली. डोस साडेतीनला गेला. पुढचा रात्री साडेअकराला घ्यायला सांगितलाय. तिथल्या सिस्टरनी पावडर विरघळवून दाखवली, पाणी स्वच्छ दिसेपर्यंत हलवायचं, गुठळी राहिली तर लावायचं नाही. मी मोबाईलवर व्हिडिओ काढलाय. दर डोसच्या आधी आणि नंतर थोडं सलाईन सोडायचं, सहज गेलं तरच.
नर्सबाईंचा फोन लागला, त्यांच्याकडे पण लाईट नव्हती. एकत्र मिसळून ठेवू नका म्हटलं तर रागावल्या, "इतकी वर्षं असंच करतोय" म्हणे. क्रिॲटिनिन ॲडमिट असताना झालं, नंतर नाही. रिपोर्ट भाऊजींकडे आहे, रात्री टाकते.
वापरलेल्या सुया आतापर्यंत कचऱ्यात जात होत्या. कुठं टाकू?

निपाणीचा_औषधवाला (६:३१)
तेलाचा जाड प्लास्टिकचा कॅन घ्या, झाकणवाला. सुया त्यात, टोपण परत घालत बसू नका, तिथेच बोटाला लागते. कॅन पाऊण भरला की टेप लावून दवाखान्यात परत द्या. घंटागाडीत नको, कचरा वेचणाऱ्यांच्या हाताला लागतं. आणि नर्सबाईंना औषधाच्या डब्यातला कागद दाखवा, माझं नाव सांगून उपयोग नाही.

ऑर्थोवाला (६:४०)
क्रिॲटिनिन उद्याच करा. पिक लाईन केलीच तर तिला १० मिलीपेक्षा लहान सिरिंज लावायची नाही, लहान सिरिंजचा दाब जास्त बसतो, नळी फाटू शकते.

चिगुळे_पावसाळा (६:५५)
ताई, त्या ओम्नीवाल्याला आमच्याकडे यायला विचाराल का? आजीला मंगळवारी डोळ्याच्या दवाखान्यात न्यायचं आहे, एसटीचा भरवसा नाही.