मदत हवी आहे: बंदराच्या धक्क्यावरून घेतलेल्या विजेमुळे बोटीचं झिंक भराभर झिजतंय

मेक्सिकोतल्या ला पाझ (बाहा कॅलिफोर्निया सूर) इथल्या मरीनात (बोटी बांधायच्या बंदरात) शिडाच्या बोटीवर मुक्काम आहे. बोट ३६ फुटी, फायबरग्लासची. धक्क्यावरची वीज प्लग लावून घेतो, १२० व्होल्ट, ३० अँपिअर. पंख्याच्या दांड्यावरचं (शाफ्टवरचं) झिंक, म्हणजे बाकीचे धातू वाचवायला स्वतः झिजणारा जस्ताचा तुकडा, पाच-सहा आठवड्यांत चाळणी होतं.

सिल्व्हर क्लोराइड इलेक्ट्रोड (तुलनेसाठीचा संदर्भ) पाण्यात सोडून बोटीच्या धातूंचा व्होल्टेज मोजला (जितका जास्त उणे, तितकं संरक्षण जास्त): प्लग काढल्यावर उणे ९४० मिलिव्होल्ट, लावल्यावर उणे ६८०. प्लग लावलेला असताना अर्थच्या वायरमधून ६० मिलिअँपिअर डीसी (एकाच दिशेचा प्रवाह) वाहतो. बोटीतलं १२ व्होल्टचं सगळं बंद केलं तरी आकडे तेच, म्हणजे बिल्ज पंप (बोटीच्या तळातलं पाणी उपसणारा) वगैरे निर्दोष. झिंक मिल-स्पेकचंच (लष्करी मानकाचं) आहे, घासलेल्या शाफ्टवर घट्ट बसवलेलं.

प्लग कायमचा काढणं शक्य नाही, उन्हाळ्यात एअर कंडिशनर लागतोच. अर्थ तोडा असं कृपया सुचवू नका. पोहणाऱ्याच्या जिवाशी खेळ आहे तो. बोट वर काढणं वादळांचा मोसम संपल्यावर, नोव्हेंबरनंतरच.

गॅल्व्हॅनिक आयसोलेटर (अर्थच्या वायरमध्ये बसवायचं, डीसी अडवणारं उपकरण) साधारण १.२ व्होल्टपर्यंतच डीसी अडवतो. शेजारच्या बोटींची एसी (उलटसुलट प्रवाहाची) गळती अर्थमध्ये असेल तर तो डीसीलाही वाट करून देतो आणि सगळं मुसळ केरात. आयसोलेटर पुरेल की आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरच (धक्क्याच्या वायरिंगपासून बोट पूर्ण वेगळी करणारा) घ्यावा लागेल, हे खरेदीआधी ठरवायला अर्थवर नेमकं काय आणि कुठल्या दोन बिंदूंमध्ये मोजू?