मदत हवी आहे: 'लिटरली'चं मराठीत काय करायचं?

मंडळी, एका इंग्रजी मुलाखतीचं मराठी करतेय आणि 'लिटरली'पाशी अडकलेय. बोलणाऱ्या बाईंच्या तोंडी दर चौथ्या वाक्याला तो आहेच. 'आय वॉज लिटरली डेड'चं 'मी अक्षरशः मेले होते' केलं, तर संपादकांनी शेजारी लाल प्रश्नचिन्ह काढून परत पाठवलं.

मूळ शोधलं तर गंमतच. लॅटिनमधलं 'लिटेरा' म्हणजे अक्षर. त्यावरून लिटरली, म्हणजे अक्षराला धरून, शब्दाच्या मूळ अर्थाने. आपलं 'अक्षरशः' हुबेहूब त्याच घडणीचं! आणि नुसता जोर द्यायला 'लिटरली' वापरणं ही आजच्या पोरांची टूम म्हणावी, तर तसंही नाही. फ्रान्सिस ब्रूक या लेखिकेने १७६९ मध्येच तसं लिहिलंय. ऑक्सफर्डच्या कोशात हा अर्थ आल्याचं २०१३ मध्ये लोकांच्या लक्षात आलं, तेव्हा केवढा गदारोळ! (मला तो फुकाचा वाटतो. आपण नाही का 'अक्षरशः आभाळ फाटलं' म्हणत?)

तर, 'अक्षरशः'चा असा वापर इंग्रजीच्या संगतीने आला की आपला आपणच? १९०० च्या आधीच्या मराठी गद्यात कुणाला सापडलाय का? आणि बोलण्यातल्या 'लिटरली'ला दुसरं काय चालेल? 'चक्क' घातलं की उगाच आश्चर्य येतं, 'शब्दशः' कोर्टाच्या कागदासारखं वाटतं. 'अगदी' त्यातल्या त्यात बरं, पण फिकं.

शुक्रवारी मजकूर द्यायचाय, तेवढं बघा.