कुवेत १९९०: ते दिवस आपण कसे काढले?

२ ऑगस्ट १९९० च्या पहाटे इराकी सैन्य कुवेतमध्ये शिरले आणि तेथे पोटापाण्यासाठी गेलेल्या लाखाहून अधिक भारतीयांचा मायदेशाशी संपर्क तुटला. या भारतीयांना घेऊन जॉर्डनची राजधानी अम्मानहून मुंबईस आलेल्या विमानांची हकिगत पुष्कळांना ठाऊक आहे. त्याआधीच्या आठवड्यांत घराघरांत काय चालले होते, ते मात्र फारसे कोणी सांगत नाही. म्हणून त्या काळी तेथे असलेल्या सर्वांना विनंती आहे की, भीती किती वाटली यापेक्षा मन कशाने सावरले, ते लिहावे. सुरुवात मी करते.

आम्ही साल्मियात राहत होतो. पहिले तीन दिवस मला काहीच सुचत नव्हते. चौथ्या दिवशी शेजारच्या मल्याळी बाई पातेले घेऊन आल्या आणि तेव्हापासून दोन्ही घरांचा भात एकत्र शिजू लागला. तांदूळ रोज वाटीने मोजताना हात थरथरत असे, पण मोजणे मी सोडले नाही, कारण किती दिवसांचे धान्य उरले आहे हे नक्की कळले की रात्री थोडी झोप लागे. सकाळी नऊ वाजता मुलांना पाढे म्हणायला बसवत असे. बाहेर रणगाड्यांची घरघर सुरू झाली की ती अधिक मोठ्याने म्हणत. त्याच महिन्यात गणेशचतुर्थी आली, तेव्हा सुपारीचीच पूजा केली आणि नैवेद्याला साखर ठेवली.

फरवानियात राहिलेले एक कारकून:
एका खोलीत आम्ही सहा जण होतो. आम्हाला भुकेपेक्षा अफवांनी अधिक पोखरले. आज बस निघणार, उद्या सीमा बंद होणार, असे दिवसातून दहा वेळा ऐकून माणसे एकमेकांच्या अंगावर धावून जाऊ लागली, तेव्हा आमच्यातील वडीलधाऱ्या गृहस्थांनी नियम घातला की, रेडिओ रात्री एकदाच लावायचा आणि बातम्यांविषयी जे बोलायचे ते त्यानंतरच बोलायचे. त्या नियमाने भांडणे थांबली.

जॉर्डनच्या सीमेवरील छावणीत अकरा दिवस काढलेल्या एक परिचारिका:
मी रडले नाही, याचे श्रेय माझ्या धैर्याला देऊ नये. जुलाब झालेली मुले एकामागून एक येत होती आणि मीठ-साखरेचे पाणी करून पाजणे मला येत होते. ज्यांच्या हाताला काम नव्हते त्यांचे हाल मी पाहिले. आयुष्यभराची कमाई बँकेत अडकलेले पुरुष तंबूच्या दाराशी तासन्‌तास वाळूकडे पाहत बसत.

त्या वेळी दहा वर्षांची असलेली एक मुलगी, आता मुंबईत:
माझ्या बाबांना कोणी खंबीर म्हटले की मला बरे वाटत नाही. परतल्यावर वर्षभर ते कुवेतविषयी एक शब्दही बोलले नाहीत. त्या दिवाळीत फटाका वाजला की ते उठून न्हाणीघरात जात आणि कडी लावून घेत. आई काही विचारत नसे. ती दाराबाहेर पाट टाकून भाजी निवडत बसे आणि आतल्या माणसाला ऐकू जाईल अशा बेताने बांगड्या वाजवत असे.