नागलीच्या (नाचणीच्या) भाकरीने रक्तक्षय कमी होतो का?

डोंगरयात्री: अकोले तालुक्याच्या डोंगरपट्ट्यात महादेव कोळी आणि ठाकर कुटुंबांच्या जेवणात पूर्वी नागलीची भाकरी, वरईचा भात, हुलगे आणि खुरासणीची चटणी असे, आता बहुतेक घरांत रेशनच्या तांदळाचा भात असतो. नागली पुन्हा सुरू केल्यास स्त्रियांमधील रक्तक्षय हटेल, असे ठामपणे सांगितले जाते. ते कितपत खरे मानावे?

पोषणवाचक: कॅल्शियमपुरते खरे आहे. 100 ग्रॅम नागलीत ते सुमारे 350 मिलिग्रॅम असते, तर पॉलिश केलेल्या तांदळात जेमतेम 10. लोहाचे मात्र तसे नाही. नागलीत ते तांदळापेक्षा जास्त असले, तरी फायटेट आणि टॅनिन या धान्यातल्याच घटकांमुळे त्यातले थोडेच अंगी लागते. धान्याला मोड आणले किंवा पीठ आंबवले की फायटेट घटते आणि जेवणात लिंबू किंवा आवळा असला की शोषण सुधारते. जेवणालगतचा चहा याच्या नेमका उलट काम करतो. शिवाय जंत आणि लागोपाठची बाळंतपणे ही कारणे भाकरीने दूर होत नाहीत, म्हणून रक्ततपासणी आणि लोहाच्या गोळ्या टाळू नयेत.

रानमेवा: नागलीबरोबर ओढ्यातले खेकडे व मासे, कुरडू, चाईचा मोहोर, काकड या रानफळाचा आंबटपणा घालून शिजवलेली शेवळे (नाहीतर घसा खाजतो) अशा रानभाज्या हेही असे, आणि लोह अधिक चांगले शोषले जाते ते खेकड्या-माशांतलेच. तरीही जुन्या ताटाचे फार गोडवे गाऊ नयेत. आषाढ-श्रावणात कणग्या रिकाम्या होत आणि तेव्हा रानभाजी ही आवड नसून निरुपाय असे.

उतारावरची शेती: तांदूळ का आला, हेही पाहावे. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यात भरड धान्य 1 रुपया किलोने देण्याची तरतूद होती, पण दुकानात आले ते मुख्यतः तांदूळ आणि गहू. नागलीसाठी राब भाजायचा (रोपांच्या जागेवर पालापाचोळा जाळायचा), रोपे लावायची, कणसे खुडायची, मळणी करायची. यातले बरेचसे काम बायकांच्याच अंगावर पडते. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाणे जपले ही मोठी गोष्ट आहे, परंतु गावात मळणीयंत्र आणि रेशनवर नागली मिळाल्याशिवाय रक्तक्षयाने आधीच थकलेल्या बाईला ‘नागली पिकवा’ असे सांगणे मला अन्यायाचे वाटते.