पुण्याचा मिळकत कर, गावची घरपट्टी आणि माझी हिरवी वही

हिरवी_वही

गणपतीला गावी गेलो होतो. आरत्या उरकून पडवीत नारळ खवत बसलो होतो, तेव्हा जाऊबाईंनी विषय काढला. "सोळाशे रुपये घरपट्टी भरली की वर्षाची ददात मिटली. तुम्ही त्या पुण्यात काय म्हणून पैसे ओतताय?" ह्यांनी लगेच मान डोलावली. ह्यांना निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, मुलगी बंगळुरात, आणि गावाचं नाव काढलं की ह्यांचा आवाज बदलतो. हिशेब मात्र माझ्याकडे. १९९४ पासूनच्या वह्या आहेत, सध्याची हिरवी.

पुण्याची बाजू सांगते. ७८० चौरस फुटांचा फ्लॅट, २०१७ साली महापालिकेत आलेल्या ११ गावांपैकी एका गावात. म्हणजे आमच्या इमारतीनं दोन्ही राज्यं पाहिली. ग्रामपंचायतीत होतो तेव्हा १,९०० रुपये घरपट्टी भरल्याची नोंद वहीत आहे. पालिकेत गेल्यावर कर एकदम नाही वाढला, पायरीपायरीनं चढत गेला, आणि या वर्षीचं बिल ९,८४०. घर तेच, जिना तोच, लिफ्टमधलं चौथ्या मजल्याचं बटण अजून दोनदाच दाबावं लागतं. सोसायटीचा मेंटेनन्स महिना २,६००, मार्च ते जून टँकरचे वर सहा-सातशे. वीज सरासरी १,३५०.

आता गाव. रत्नागिरी जिल्हा, हमरस्त्यापासून नऊ किलोमीटर आत. सासऱ्यांनी बांधलेलं चिऱ्याचं कौलारू घर. ग्रामपंचायतीच्या पावतीवर घरपट्टी, दिवाबत्ती आणि आरोग्य कर मिळून १,६४०, नळाची पाणीपट्टी वेगळी १,२००. जाऊबाईंचा हिशेब इथे संपतो, माझा इथून सुरू होतो. मे महिन्यात कौलं परतायला ११,५०० गेले, त्यातले साडेतीन हजार नुसत्या नव्या कौलांचे. मागच्या बाजूचा गडगा (दगडी कुंपण) ढासळला, त्याचे सहा हजार. गवत काढायला दोन गडी तीन दिवस. आणि ह्यांची साखर, रक्तदाब, तीन महिन्यांनी तपासण्या. रत्नागिरीला जाऊन-येऊन गाडी २,२०० घेते.

आम्हाला फ्लॅट भाड्यानं देऊन गावी राहायचं आहे. (ह्यांना राहायचं आहे. मी अजून वहीत आहे.) तर सांगा: भाडेकरू ठेवला तर पुण्याचा कर तेवढाच राहतो का? गावात बारा महिने राहणाऱ्यांचा खरा खर्च किती होतो? आणि मी कुठलं कलम विसरतेय?

---

पेठेतला_कारकून

ताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नाही राहत. आणि हीच तुमच्या हिशेबातली मोठी फट आहे.

पुण्यात मालक स्वतः राहत असेल तर करपात्र मूल्यात, म्हणजे ज्या रकमेवर कर बसतो तिच्यात, ४० टक्के सवलत आहे. ही १९७० पासूनची. लेखापरीक्षणात आक्षेप आल्यावर २०१९ मध्ये ती थांबली, बऱ्याच जणांना वाढीव बिलं आली, ओरड झाली, आणि २०२३ मध्ये राज्य सरकारनं ती पुन्हा लागू केली. तेव्हा पीटी-३ नावाचा अर्ज भरून द्यावा लागला होता: आम्ही स्वतःच राहतो, हे बघा पुरावे. तुमचे हे तेव्हा रांगेत उभे राहिले असतील, विचारा त्यांना.

भाडेकरू आला की ती सवलत संपली. ९,८४० हा सवलतीनंतरचा आकडा असेल तर ढोबळमानानं १६ हजारांच्या पुढे धरा. जुनं सवलतीचं बिल भरत राहू, कोणाला कळतंय, असं करू नका. भाडेकरार नोंदलेला असतो.

शिवाय सोसायटी नॉन-ऑक्युपन्सी आकार लावेल, म्हणजे मालक स्वतः राहत नाही म्हणून घेतात तो. तो सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, राज्य सरकारचा २००१ चा आदेश आहे. सेक्रेटरीनं "आमच्याकडे सगळ्यांना हजार रुपये" म्हटलं तर शांतपणे आदेशाची प्रत पुढे करा. मी केली होती. त्यानंतर ते दिवाळीत फराळाचं ताट पाठवेनासे झाले, पण वर्षाचे नऊ हजार वाचले.

एक बाजू तुमच्याही फायद्याची. आयकरात भाड्याच्या उत्पन्नातून त्या वर्षी प्रत्यक्ष भरलेला पालिकेचा कर वजा होतो आणि उरलेल्यावर सरसकट ३० टक्के वजावट मिळते, दुरुस्ती करा की न करा. पावती जपा. आणि गावी बसून बिलाची तारीख विसरू नका, थकबाकीवर महिन्याला २ टक्के शास्ती लागते. हे कलम वहीत लाल पेनानं लिहा.

---

पागोळी

काकू, मी राजापूर तालुक्यातला. डोंबिवली सोडून चार वर्षं झाली, बारा महिने गावीच. तुमच्या जाऊबाई खोटं बोलत नाहीत, त्या फक्त त्यांना न लागणाऱ्या गोष्टी मोजत नाहीत. त्यांचा भात घरचा, नारळ घरचे, आणि कौलं परतायला मुलगा चढतो. तुमच्याकडे कोण चढणार?

कौलांचं सांगतो, कारण शहरातून येणारे सगळे तिथंच फसतात. माणूस वर चढला की पाय कौलावर नाही, खालच्या लाकडी रिपेच्या वर अंदाजानं ठेवतो. एकेक कौल उचलायचं, शेवाळ खरवडायचं, बोटानं टिचकी मारायची. खणखणीत वाजलं तर परत बसवायचं, बद्द वाजलं की खाली टाकायचं. आमच्याकडे पहिल्या वर्षी दीडशे कौलं बद्द निघाली. आणि अशी टिचकी मारून ओळखणारी माणसं आमच्या वाडीत आता दोनच, त्यातला एक साठीचा. मे महिन्यात त्यांची तारीख मिळणं म्हणजे मंगल कार्यालयाची तारीख मिळण्यासारखं. ते जमलं नाही की पाऊस माजघरात. त्यात वानर आले तर जुलैत पुन्हा चार कौलं. काही जण कंटाळून वर पत्रे घालतात. खर्च सुटतो, पण पावसात घरात बोललेलं ऐकू येत नाही आणि एप्रिलात भाजून निघतं.

वीज स्वस्त पडेल असं वाटत असेल तर युनिटचा दर तुमचा नि आमचा एकच, दोघांनाही महावितरण. शंभर युनिटांच्या आत राहिलात तर फरक पडतो, त्यापुढे टप्पा बदलतो. पण विहिरीवरचा पंप त्यात धरा. आणि इन्व्हर्टर धरा. जूनच्या पहिल्या विजांत माझा इन्व्हर्टर आणि राऊटर दोन्ही गेले, १४ हजार. आता ढग गडगडले की मी आधी प्लग काढतो, मग कपडे.

भाजी पुण्यापेक्षा महाग, हे कलम तुम्ही विसरलात. आमच्याकडे कांदा, टोमॅटो, कोबी सगळं घाटावरनं येतं, गाडीभाडं चढूनच. आठवडी बाजारात जी मिळेल ती. मासळी ताजी, पण तीही काही फुकट नाही. दूध पिशवीचं, तेही वरनंच.

माझ्या आणि बायकोच्या पोटापाण्याचा, विजेचा, पेट्रोलचा मिळून महिना साधारण १९ हजार जातो. डोंबिवलीत २६ जात होते. पण या १९ मध्ये घराची दुरुस्ती नाही. ती वेगळी लिहितो, कारण एकत्र लिहिली तर बायको परत जाऊया म्हणते.

आणि तपासणीला गाडी कशाला? सकाळची एसटी धरा. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे. काकांना पूर्ण पडेल, ते त्यांनी भरावं, गावाची हौस त्यांनाच आहे ना.

---

चाळीतला_चौथा_मजला

मुंबईची भर. आमची जागा ४०५ चौरस फूट. ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना १ जानेवारी २०२२ पासून मालमत्ता कर माफ, म्हणजे आम्ही करात तुमच्या जाऊबाईंपेक्षाही स्वस्त. मग पुनर्विकास होऊन टॉवर झाला आणि मेंटेनन्स महिना ५,२०० आला. कर शून्य आणि दारात तीन लिफ्ट.

---

कुंदा_आणि_कर्दंट

बेळगावातून. आमच्याकडं अजून घरफाळाच म्हणतात, पावती मात्र कन्नडमधून येते. इथं स्वतःच आकारणी करून भरायचा, आणि एप्रिलात भरला की ५ टक्के सूट. त्यामुळं पाडव्याची साखरगाठ खाऊन झाली की आमचे वडील आधी घरफाळ्याच्या मागं लागतात.

खरा फरक विजेत. ऑगस्ट २०२३ पासून कर्नाटकात २०० युनिटांपर्यंत घरगुती वीज फुकट आहे, पण २०० चा अर्थ लोक चुकीचा घेतात. तुमचा योजनेआधीच्या वर्षाचा, म्हणजे २०२२-२३ चा, सरासरी वापर अधिक १० टक्के, तेवढीच माफ. आमची सरासरी ९६ होती, म्हणजे १०५ च्या आसपास. मे महिन्यात कूलर लावला की वरच्यांचे पैसे, आणि २०० ओलांडले तर पूर्ण बिल. म्हणजे जे पूर्वी काटकसरीनं वागले त्यांना कमी, जे उधळत होते त्यांना जास्त. आई अजून यावरून धुसफुसते.

माझा चुलतभाऊ चंदगडात, महाराष्ट्रात. तासाभराचा रस्ता. फ्रिज तसलाच, टीव्ही तसलाच, त्याचं बिल आठशे आणि आमचं शून्य. पण त्याला सांगायला गेलं की तो म्हणतो, "तुझ्या मुलाला शाळेत कन्नड घ्यावं लागतं, ते कुठल्या वहीत लिहितोस?" गप्प बसतो मी.

---

एडिसनचा_भाऊसाहेब

न्यू जर्सीतून, घाबरू नका. गेल्या वर्षी घरावरचा कर १०,९०० डॉलर भरला. वर्षातून चार हप्ते, फेब्रुवारी, मे, ऑगस्ट, नोव्हेंबर. त्यातला जवळपास निम्मा शाळांना जातो. माझी दोन्ही मुलं शिकून बाहेर पडली, तरी शेजारच्या पोराचं गणित मीच पक्कं करतोय. घराचं कर्ज फिटल्यावर मोकळं वाटेल असं वाटलं होतं. कळलं की कर्ज संपतं, कर संपत नाही.

आमच्या महाराष्ट्र मंडळातलं एक जोडपं निवृत्तीनंतर डॅलसजवळ गेलं. टेक्सासात राज्याचा आयकर नाही, हे ते प्रत्येक फोनवर सांगायचे. दोन वर्षांनी विचारलं तर सूर बदललेला. घराच्या किमतीवरचा कराचा दर तिथंही चढाच, गारपिटीमुळं छपराचा विमा महाग, आणि उन्हाळ्यात एसी रात्रंदिवस. निवृत्त माणसाचं उत्पन्नच एवढं नव्हतं की आयकर वाचून मोठा फरक पडावा. थोडक्यात, तुमच्या जाऊबाई इथंही आहेत, फक्त त्या डॅलसला राहतात.

---

हिरवी_वही

सगळ्यांचे आभार. भाऊसाहेब, तुमचा प्रतिसाद जाऊबाईंना वाचून दाखवला. त्यांनी विचारलं, डॅलस कुठल्या तालुक्यात आलं.

कारकूनसाहेब, हे रांगेत उभे होतेच. पीटी-३ ची पोच कपाटात सापडली, त्यात लाईट बिलाच्या दोन झेरॉक्स जास्तीच्या. बिल तुम्ही म्हणता तसं सवलतीचंच निघालं. म्हणजे भाडं जे काही येईल त्यातून साडेसहा हजार जादा कर आणि सोसायटीचा तो आकार आधीच कापून ठेवला.

काल रात्री पागोळींच्या पद्धतीनं दुरुस्ती वेगळ्या पानावर लिहिली. मागच्या सहा वर्षांत गावच्या घरावर ८७ हजार गेलेत, आणि त्यातले दोन मे तर आम्ही गेलोच नव्हतो. पान ह्यांच्यासमोर ठेवलं. ह्यांनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं आणि म्हणाले, "यातली न्हाणीघराची फरशी नको धरू, ती बाबांच्या वेळीच उखडलेली होती." मी ती खोडली. ८१ हजार.

ठरलं असं: फ्लॅट इतक्यात भाड्यानं द्यायचा नाही. आधी जून ते ऑगस्ट गावी राहून बघायचं, भर पावसात. गणपतीत सगळ्यांनाच गाव आवडतं, आषाढात आवडतं का ते बघू. तोवरचा खर्च त्याच वहीत, मागच्या बाजूनं सुरू करून.

पागोळी, त्या दोघांतल्या साठीच्या माणसाला मेच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्याकडे यायला जमेल का, विचाराल? दीडशे कौलं आणून ठेवते. जेवणखाण आमच्याकडे, मासे चालतात का तेही विचारा.