मॉरिशस ट्रिप: तारखा आणि राहायची जागा

नमस्कार मंडळी,
मॉरिशसला मंडळातर्फे ग्रुपने जायचं घाटतंय, डिसेंबरच्या सुट्टीत. मुलांना समुद्र हवाय, आईबाबांना देवळं आणि शाकाहारी जेवण. एजंटने पूर्व किनाऱ्यावरचं ऑल-इन्क्लुझिव्ह रिसॉर्ट सुचवलंय. कोणी जाऊन आलं असेल तर प्लीज सांगा.

---

ताई, जमत असेल तर डिसेंबर नको. तिकडे तेव्हा भर उन्हाळा, दमट हवा, नोव्हेंबर ते एप्रिल चक्रीवादळांचा सीझन आणि ख्रिसमसमुळे सगळं महाग.

गणपतीत जा ना! गणेश चतुर्थीची तिथे सरकारी सुट्टी असते. कोकणातून ऊसमळ्यांवर मजुरीला गेलेल्यांची पतवंडं घरात क्रिओल (फ्रेंचवरून घडलेली तिथली बोली) बोलतात आणि आरती मराठीत म्हणतात, आणि मूर्ती घेऊन वाजतगाजत समुद्रावर जातात, तेव्हा आपल्याला परकं वाटतच नाही. त्याच सुमारास, ९ सप्टेंबरला, पेर लावाल या फ्रेंच पाद्रीच्या समाधीला लोक पायी जातात, ख्रिश्चनच नाही तर हिंदू, मुसलमान, चिनी सगळे. आईबाबांना हे नक्की दाखवा.

रिसॉर्टचं म्हणाल तर गणपतीच्या सुमारास आग्नेयेचे वारे पूर्व किनाऱ्यावर जोरात असतात, मुलांसाठी पश्चिम किनाऱ्यावरचं फ्लिक आं फ्लाक गाव बरं. आणि ऑल-इन्क्लुझिव्ह घेऊच नका, पैसे भरलेत म्हणून तीनही वेळा तिथेच जेवाल आणि बेट बघायचं राहून जाईल. राजधानी पोर्ट लुईच्या मार्केटजवळ गाडीवर डाळपुरी मिळते, वाटलेली डाळ भरलेली मऊ पातळ पोळी, वर घेवड्याची रस्सेदार भाजी आणि मिरचीची चटणी, कागदात गुंडाळून जोडीने देतात. आजीआजोबांनाही चालेल.

तिथून आप्रवासी घाट, म्हणजे भारतातले मजूर जिथे उतरवले जायचे तो धक्का, चालत गाठता येतो. १८३४ पासून मजूर जहाजातून आणले गेले, सगळे मिळून साडेचार लाखांच्या आसपास, घाटाच्या त्या १६ दगडी पायऱ्या अजून आहेत. मुलांना घाई करू नका तिथे, उभं राहून बघू द्या. गंगा तलाव, तिथल्या हिंदूंचं पवित्र तळं, उंचावर आहे, गार असतं, स्वेटर ठेवा.

---

दादा, खूप मोलाची माहिती दिलीत! शाळेची रजा हा प्रश्न आहेच, पण गणपतीचं ऐकून आई आत्ताच तयारीला लागली. एजंटला पूर्वेचं बुकिंग थांबवायला सांगते. मंडळी, गणपतीत कोणाकोणाला रजा मिळेल ते रविवारपर्यंत कळवा, म्हणजे पश्चिमेकडची घरं बघायला घेते.