जिप्सी घेऊन वाळवंटातली रॅली करायचीय, बडोद्यातून आधी कोणी गेलंय का?

दांडियाबाजार_जिप्सी

नमस्कार मंडळी. आम्ही तिघं बडोद्याचे, राजस्थानातली पाच दिवसांची क्रॉस-कंट्री करायची ठरवलीय. मी चालवणार, मावसभाऊ शेजारी बसून नॅव्हिगेशन बघणार आणि तिसरा मित्र मकरपुरा जीआयडीसीत फिटर आहे तो सर्व्हिसला. गाडी जुनी पेट्रोल जिप्सी, १.३ लिटरवाली. रोलकेज (गाडी उलटली तर वाचवणारा आतला पाइपांचा सांगाडा) बसला, हेल्मेट आणि सूट आले, लायसन्सचं काम चालू आहे. गेले तीन महिने दर रविवारी पहाटे कधी सिंधरोटला महीच्या पात्रात तर कधी चांदोदकडे ओरसंगच्या वाळूत गाडी घालतोय, सुरुवातीला फार अडकायचो, आता नाही अडकत.

आता हातात साधारण ६० हजार उरलेत. भारी शॉकअब्सॉर्बर घ्यावेत की टायरचा दुसरा सेट? ज्यांनी खरंच अशी रॅली केलीय त्यांनी सांगा, यूट्यूब बघून बघून डोकं भणभणायला लागलंय. आणि घरी आईला काळजी वाटतेय, तिला नेमकं काय सांगायचं तेही सुचवा.

मांजलपूर_नॅव्हिगेटर

मी आमच्या टीमची नॅव्हिगेटर होते, माझा भाऊ चालवायचा. खर्चाचं नंतर बोलू, आधी एक विचारते, तुमच्या मावसभावाने चालत्या गाडीत रोडबुक, म्हणजे रॅलीच्या वाटेची वही, वाचलंय का? तुमच्या एवढ्या मोठ्या पोस्टमध्ये त्याच्याबद्दल अर्धी ओळ आहे, आणि आमचंही तेच झालं होतं, सगळे पैसे आणि सगळे रविवार गाडीवर गेले.

रोडबुकात डावीकडे किलोमीटर असतात, सुरुवातीपासूनचे आणि मागच्या खुणेपासूनचे, मध्ये वळणाचं छोटं चित्र, उजवीकडे टिपा आणि कॅप, म्हणजे कुठल्या दिशेला जायचं ते अंशांत. धोक्याला उद्गारचिन्हं, एक, दोन किंवा तीन. घरी खुर्चीत बसून हे अगदी सोपं वाटतं. पण वाळूत चाक जागच्या जागी फिरतं, गाडी हलत नाही आणि ट्रिपमीटर, म्हणजे अंतर मोजणारा मीटर, मात्र पळत राहतो. दुसऱ्या दिवशी एका धोऱ्यावर, म्हणजे वाळूच्या टेकडीवर, आम्ही तीनदा चढायला गेलो, दोनदा मागे आलो, तिसऱ्यांदा वर निघालो, आणि त्या गडबडीत माझा ट्रिप जवळजवळ ४०० मीटर जास्त दाखवायला लागला ते माझ्या लक्षातच आलं नाही. पुढची खूण होती खेजडीच्या झाडापाशी डावीकडे, कॅप ३१०. माझ्या मीटरप्रमाणे जिथे खेजडी हवी तिथे खरोखरच खेजडी होती, डावीकडे चाकांची वाटही जात होती, मी डावीकडे म्हटलं. खेजडी तिथे सगळीकडेच असते हो. अकरा किलोमीटर गेल्यावर एक ढाणी, म्हणजे छोटी वस्ती, लागली, गवताने शाकारलेल्या दोन गोल झोपड्या, दारात एक आजी बाजरी पाखडत होती, ती आमच्याकडे बघत राहिली आणि माझ्या पोटात गोळा आला, कारण रोडबुकात ढाणी नव्हतीच. तेव्हा कुठे कॅप बघितला, आम्ही ३१० सोडून २८० ने चाललो होतो.

भाऊ एक शब्द बोलला नाही. गाडी वळवली, आपल्याच चाकोरीने शेवटच्या पक्क्या खुणेपर्यंत परत आलो, तिथे ट्रिप दुरुस्त केला. यात दीड तास गेला, टाइम कंट्रोल, म्हणजे वेळ नोंदवायचं ठाणं, बंद झाल्यावर पोहोचलो, पेनल्टी बसून यादीत तळाला गेलो. दुसऱ्या सकाळी सुटू दिलं आणि शेवटच्या दिवशी गाडी स्वतःच्या चाकांवर फिनिशला आली, त्याचं समाधान अजून आहे.

डकार, जगातली सगळ्यात नावाजलेली वाळवंटी रॅली, मुळात सुरूच झाली ती एक माणूस वाट चुकल्यामुळे. थिएरी साबिन १९७७ मध्ये मोटरसायकलवर लिबियाच्या वाळवंटात हरवला, वाचून परत आला आणि १९७८ च्या डिसेंबरात पॅरिसहून पहिली रॅली सोडली. २०२० पासून ती सौदीत होते, तिथे रोडबुक सुटायच्या अगदी थोडा वेळ आधी मिळतं, म्हणजे रात्री बसून अभ्यास करायचीही सोय नाही.

तुम्ही असं करा, हालोल-पावागडकडच्या गाडीवाटांवर एकदा जाऊन स्वतःच २०-३० किलोमीटरचं रोडबुक काढा, मग मावसभावाला तीच वाट त्यावरून तुम्हाला सांगू दे. त्याने नेहमी आधी कॅप बोलायचा, मग किलोमीटर.

प्रतापनगर_सर्व्हिस

ताईंनी सांगितलं ते अगदी खरं. मी सर्व्हिसच्या बाजूने सांगतो.

ओरसंगच्या वाळूवर फार विसंबू नका भाऊ. नदीची वाळू जाड, आतून ओलसर, चाकाखाली दाबली की बसते. थारची वाळू वाऱ्याने घासून घासून गोल झालेली, मुठीत धरा, पाण्यासारखी निसटते. सकाळी गार असते तोवर जरा घट्ट लागते, दुपारी तोच धोरा गाडीला गिळतो. टायरची हवा १४-१५ पीएसआयपर्यंत उतरवा, जिप्सी हलकी आहे चालून जातं, पण त्याहून खूप खाली गेलात तर वळणावर टायर रिमवरून सुटतो, आणि पुढे दगडी पट्टा लागला की लगेच परत भरायची, म्हणून कॉम्प्रेसर चांगला घ्या. धोऱ्यावर सरळ चढायचं, तिरकं गेलात की गाडी कुशीवर. अडकलात तर अॅक्सिलरेटर दाबत बसू नका, चाक खड्डा करतं आणि गाडी पोटावर बसते, आपल्याच खुणांवरून रिव्हर्सने सरळ खाली या.

शॉकअब्सॉर्बर आहेत तेच ठेवा. पैसे मागच्या-पुढच्या पाट्यांवर (लीफ स्प्रिंगवर) घाला, जादा सेंटर बोल्ट आणि यू-बोल्ट न्या, एअर फिल्टर चार-पाच, क्लच प्लेट, फॅनबेल्ट आणि पुढच्या चाकांची बेअरिंग. बेअरिंगचं मुद्दाम सांगतो. आम्ही एका दुकानातून स्वस्तात सुटी घेतली होती, दुकानदार ओरिजिनल म्हणाला, आम्ही मानलं. तिसऱ्या दिवशी गाडी सर्व्हिसला आली तेव्हा हबला हात लावला तर चटका बसला, उघडलं तर ग्रीस काळं पडून कडक झालेलं आणि एका गोळीचा तुकडा उडालेला. आमच्याकडे तासाभराचा वेळ होता, त्यापुढे दर मिनिटाला पेनल्टी. शेजारच्या टीमच्या मेकॅनिकने न मागता आपल्या पेटीतली बेअरिंग काढून दिली, स्वतः टॉर्च धरून उभा राहिला, आणि चार मिनिटं राखून गाडी बाहेर पडली. ते लोक आमच्याच गटात आमच्याशी स्पर्धा करत होते. मी त्या माणसाला अजून दर दिवाळीला फोन करतो.

इंदूर_राजवाडा

मी स्पर्धक नाही, फक्त बघणारा. २०१५ मध्ये मोटरसायकलवाल्या सी. एस. संतोषने डकार पूर्ण केली तेव्हा तो ३६ वा आला होता, पण पूर्ण करणारा पहिला भारतीय म्हणून आम्ही मित्रांनी इथल्या छप्पन दुकान खाऊगल्लीत जाऊन जिलबी वाटली होती. २०२४ मध्ये हरिथ नोआ मोटरसायकलींत एकूण ११ वा आला आणि त्यांतला रॅली २ नावाचा गट जिंकला. तुम्ही पहिल्या वर्षी फक्त फिनिश गाठायचं बघा. बडोद्याची गाडी यादीत दिसली तर मी जैसलमेरला नक्की येतो.

दांडियाबाजार_जिप्सी

मनापासून धन्यवाद सगळ्यांचे. शॉकअब्सॉर्बर रद्द. मावसभावाला ताईंचा रिप्लाय वाचायला दिला, तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला की गाडीत कागदावर नजर ठेवली की त्याला मळमळतं. हे त्याने तीन महिन्यांत एकदाही सांगितलं नव्हतं. आता काय करू, माणूस बदलू का?

मांजलपूर_नॅव्हिगेटर

लगेच बदलू नका. मलाही व्हायचं, महिन्याभरात सुटलं. रिकाम्या पोटी बसायचं नाही, आईला दोन दशम्या आणि कोरडी चटणी बांधून द्यायला सांगा, आणि काळजीचं म्हणाल तर तिला एकदा सरावाला सोबत घेऊन या, बेल्ट आणि रोलकेज डोळ्यांनी बघू दे, माझी आई त्यानंतरच शांत झोपायला लागली. त्याने एक ओळ वाचायची, मान वर करून लांब बघत बोलायची, मग पुढची ओळ. नजर कागदावर कमी आणि बाहेर जास्त.

या रविवारी मी मोकळी आहे. पहाटे साडेपाचला चांदोदच्या रस्त्यावर भेटू, मावसभावाला मागच्या सीटवर नाही, माझ्या गाडीत शेजारी बसवते. माझं जुनं रोडबुक आणते, तुम्ही हवेचा गेज आणा.